टोस्टर लावला की हॉल उजळतो!

मंडळी, घरातला दिवा मंद झाला तर माणूस कुरकुरतो. दिवा नेहमीपेक्षा जास्त उजळला तर मात्र कोणी तक्रार करत नाही, उलट बरेच वाटते. ही आपली सवय किती महाग पडू शकते, त्याची ही हकीकत. घडली दम्माममध्ये, आमच्याच घरात, २०१८ च्या उन्हाळ्यात. तीत एक आरोपी आहे, एक निरपराध आहे आणि अस्मादिक स्वतःला न्यायाधीश समजत होते. शेवटी कोण कुठे उभे राहिले ते वाचकांनीच पाहावे.

आमची इमारत जुनी, तीन मजली. आम्ही वरच्या मजल्यावर. जुलै महिन्यात हॉलमधला एक बल्ब गेला. नवा लावला, तो तीन आठवड्यांत गेला. मग शेजारचा गेला. ऑगस्टच्या मध्याला हॉलमधला पिण्याचे पाणी थंड करणारा कूलर धूर काढून शांत झाला. एसी मात्र चारही उत्तम चालत होते. स्वयंपाकघरातला फ्रिजही ठीक होता. फक्त हॉल आणि मुलांची खोली यांच्यावरच विजेची वक्रदृष्टी होती.

माझे शिक्षण इंजिनिअरिंगमधले, डॉक्टरेटही त्यातलीच, आणि पोटापाण्याचा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. म्हणजे चूक शोधणे हेच माझे रोजचे काम. साहजिकच घरात मी जाहीर केले, "हा प्रश्न माझ्यावर सोडा." सौ. काही बोलली नाही. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिले आणि ती चहा टाकायला गेली. हे पाहणे पुढे महत्त्वाचे ठरणार होते, पण तेव्हा मला ते कळले नाही.

पहिला आरोपी

हारिसने, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराने, ओळखीचा इलेक्ट्रिशियन आणून दिला. केरळचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने डीबी उघडली, टेस्टर लावला, दोनचार स्क्रू पिळले आणि म्हणाला, "साब, न्यूट्रल ढीला लगता है. टाइट कर दिया." एवढ्याचे त्याने पन्नास रियाल घेतले. आठ दिवसांनी पुन्हा बल्ब गेला. तो परत आला, पुन्हा तेच म्हणाला, "साब, न्यूट्रल का ही प्रॉब्लम है, पर इधर नहीं." मी म्हटले, "इधर नहीं तो किधर?" त्याला ते सांगता येईना. मग मी त्याला जरा लागेल असेच बोललो. ज्याला नीट निदान करता येत नाही त्याने पैसे मागू नयेत, वगैरे. दुसऱ्या खेपेचे पैसे मी दिले नाहीत. तो पिशवी उचलून निघून गेला.

त्यानंतर मी माझे शास्त्र बाहेर काढले. दर मिनिटाला व्होल्टेज मोजून नोंदवणारे एक छोटे यंत्र हॉलमधल्या सॉकेटला लावले. दहा दिवसांत चौदा हजार चारशे नोंदी जमल्या. आलेख काढला. रोज सकाळी सहाच्या सुमाराला व्होल्टेज १२७ वरून एकदम १३६ वर उडी मारी आणि पंधरा-वीस मिनिटांनी खाली येई. अधूनमधून क्षणभर त्याहूनही उंच सुळके दिसत.

मी लगेच सिद्धांत मांडला. रात्रभर अख्ख्या मोहल्ल्याचे एसी चालतात. पहाटे हवा उतरली की काही बंद होतात, ओझे कमी झाले की व्होल्टेज वर जाते. दोष बाहेरचा आहे, घरातला नाही. सिद्धांत देखणा होता. त्यात एकच खोट होती, तो साफ चुकीचा होता. वीज कार्यालयाचा माणूस आला, त्याने खाली मीटरपाशी मोजले, तर तिन्ही फेजना १२७ च्या आसपास, अगदी शांत. माझा आलेख मी त्याला दाखवला. त्याने तो आदराने पाहिला आणि परत दिला.

कालनिर्णयावरचे ठिपके

त्या रात्री सौ.ने कालनिर्णय खाली उतरवला. दुधाचा हिशेब, गॅसचा सिलिंडर, मुलांच्या परीक्षा, यांच्या शेजारी दोन रंगांचे बारीक ठिपके होते. "हे काय?" मी विचारले.

"अहो, मी महिनाभर बघतेय. निळा ठिपका म्हणजे हॉल उजळला. लाल म्हणजे त्याच वेळी स्वयंपाकघरातला दिवा मंदावला. दोन्ही बरोबरच होतात. आणि होतात कधी, तर मी टोस्टर आणि किटली एकदम लावते तेव्हा."

मी म्हटले, टोस्टरने दिवा मंद होईल, उजळेल कसा? ती म्हणाली, "ते मला माहीत नाही. पण शनिवारी संध्याकाळी उलटे होते. मी मुलांच्या खोलीत युनिफॉर्मना इस्त्री करते ना, तेव्हा तिथला दिवा मंद होतो आणि स्वयंपाकघर नि हॉल उजळतात."

मी एका जागी चौदा हजार वेळा मोजले होते. तिने तीन जागी वीस-बावीस वेळा पाहिले होते. वेळ सकाळची असते म्हणून मी कारण सकाळीत शोधत बसलो. कारण सकाळीत नव्हतेच, ते न्याहारीत होते.

तिने मिरजेला फोन लावला. माझे सासरे, अण्णा, महाराष्ट्र राज्य वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, त्याच्या आधीच. सगळे ऐकून त्यांनी विचारले, "जावईबापू, एसी कसे चालतायत?"

"उत्तम."

"ते दोन फेजवर आहेत का?"

"हो, २२० चे आहेत."

"मग न्यूट्रल गेलाय तुमचा. पुरता तुटला नाही, कुजलाय. डीबीत नाही सापडला तर मागे शोधत जा. आणि तोपर्यंत ते टोस्टर-किटली बंद ठेवा."

पन्नास रियालवाल्याने जे सांगितले, तेच.

खुंटी, दोर आणि तीन गडी

आता हे न्यूट्रल प्रकरण काय आहे ते समजावून घेऊ. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. सौदी अरेबियात ६० हर्ट्झ आणि जुन्या इमारतींमध्ये दोन तऱ्हेची सॉकेटे, १२७ व्होल्टची आणि २२० ची. २०१० साली इथल्या मंत्रिमंडळाने आपल्यासारख्याच, म्हणजे २३० आणि ४०० व्होल्टच्या पद्धतीकडे टप्प्याटप्प्याने जायचे ठरवले. पण जुन्या घरांमध्ये जुनी पद्धत राहिली, आमच्यासारखी.

एका मोठ्या मैदानात तीन गडी उभे करा. प्रत्येकाचे दुसऱ्यापासूनचे अंतर २२० पावले. हे झाले तीन फेज. तिघांच्या हातात एकेक दोर आणि तिन्ही दोरांची मधोमध एक गाठ. ही गाठ म्हणजे न्यूट्रल. गाठीपासून प्रत्येक गड्याचे अंतर भरते १२७ पावले. २२० ला तीनाच्या वर्गमुळाने, म्हणजे १.७३२ ने भागा, हेच उत्तर येईल. दिवा, टोस्टर, टीव्ही ही १२७ ची उपकरणे एक गडी आणि गाठ यांच्यामध्ये जोडलेली असतात. एसी मात्र दोन गड्यांच्या मध्ये जोडलेला असतो.

आता ही गाठ जमिनीत पक्क्या खुंटीला बांधलेली असेल, तर एखाद्या गड्याने कितीही जोर लावला तरी ती हलत नाही. खुंटी सैल झाली की मात्र जो जोरात ओढेल त्याच्याकडे गाठ सरकते. त्याचे अंतर कमी होते आणि बाकी दोघांचे आपोआप वाढते. आमचे स्वयंपाकघर एका फेजवर, हॉल दुसऱ्यावर, मुलांची खोली तिसऱ्यावर. टोस्टर आणि किटली मिळून स्वयंपाकघराचा गडी जोर लावी, गाठ १७ पावले त्याच्याकडे सरके. स्वयंपाकघराला उरत ११०, आणि बाकी दोन खोल्यांना मिळत सुमारे १३६. शनिवारी इस्त्रीवाला गडी ओढी, तेव्हा चित्र फिरे. आणि एसी? गड्यांमधली आपापसांतली अंतरे कायम २२० च राहतात, गाठ कुठेही जावो. म्हणून घरातले सर्वांत मोठे ओझे सुखाने चालत होते आणि आम्हाला फसवत होते.

पुढचे गणित जास्त काळजीचे आहे. आमच्या न्यूट्रलच्या वाटेत कुठेतरी साधारण एक ओहमचा अडथळा तयार झाला होता. टोस्टर-किटलीचे सतरा अँपिअर त्यातून जात. सतराचा वर्ग २८९. म्हणजे रोज सकाळी, आम्ही चहा पीत असताना, जवळजवळ ३०० वॅटची एक छोटी शेगडी कुठल्यातरी बंद पेटीत पेटत होती. कुठे, ते आम्हाला माहीत नव्हते. मुले त्याच घरात झोपत होती.

आणि खुंटी पुरती उपटली तर? मग ज्या फेजवर ओझे कमी, त्याच्या दिव्यांना १२७ ऐवजी जवळजवळ २२० व्होल्ट मिळू शकतात. माझ्या आलेखातले ते क्षणिक सुळके याचीच चुणूक होती, आणि कूलर बहुधा त्यांनीच घेतला. महाराष्ट्रात हेच झाले तर २३० च्या जागी ४०० पर्यंत. गावाकडे "न्यूट्रल उडाला आणि अख्ख्या आळीचे टीव्ही गेले" ही हकीकत आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल, ती हीच. साधा फ्यूज किंवा एमसीबी यात मदतीला येत नाही, कारण तो जादा प्रवाह ओळखतो, जादा व्होल्टेज नव्हे. गळती ओळखणारा स्विचही गप्प राहतो, कारण गळती झालेलीच नसते.

दोन मीटर, एक हाक

दुसऱ्या दिवशी मी त्या केरळच्या गृहस्थांना फोन केला. "पुन्हा या" असे म्हणायला मला दोनदा घसा साफ करावा लागला. ते आले. अण्णा व्हिडिओ कॉलवर होतेच. एक मीटर स्वयंपाकघरात चिरंजीवांच्या हाती, दुसरा हॉलमध्ये कन्येच्या हाती. सौ.ने काही क्षणांपुरते टोस्टर-किटली लावले. "एकशे दहा!" "एकशे छत्तीस!" अशा दोन हाका एकाच वेळी आल्या. मग इलेक्ट्रिशियनने डीबीपाशी न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मोजले, सतरा व्होल्ट. खाली मीटरपाशी तेच मोजले, जवळजवळ शून्य. म्हणजे दोष डीबीत नाही आणि मीटरपाशीही नाही, मधल्या केबलवर आहे. तो गृहस्थ म्हणालाच होता, "इधर नहीं."

केबल आमच्या मागच्या डक्टमधून वर येत होती. हारिसने कुलूप काढले. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर भिंतीला एक जुनी जोडपेटी होती. कधीतरी पूर्वीच्या दुरुस्तीत तिथे खालची जुनी ॲल्युमिनियमची केबल आणि वरची तांब्याची केबल एकमेकींना जोडली होती. मेन स्विच बंद करून पेटी उघडली. तीन फेजचे सांधे काळवंडले होते, पण धड होते. न्यूट्रलचा सांधा सर्वांत खाली, पेटीच्या तळाशी. तिथे पांढरी-हिरवी भुकटी साचली होती, वरचे प्लॅस्टिक वितळून तपकिरी झाले होते आणि ॲल्युमिनियमची तार बोटाने दाबली तर चुरा होत होती. इलेक्ट्रिशियनने हात मागे घेतला आणि हळूच म्हणाला, "साब, और एक महीना..." पुढचे बोलला नाही.

तांबे आणि ॲल्युमिनियम यांचे जमत नाही. दोन्ही एकमेकांना चिकटून असतील आणि मध्ये खारट ओल आली, तर तो एक छोटा विजेचा घटच होतो, आणि त्यात खर्ची पडते ते ॲल्युमिनियम. शिवाय ॲल्युमिनियमवर जो गंज धरतो तो वीज नेत नाही. सांधा गंजला की तापतो, तापून सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो. म्हणून या दोन धातूंच्या मध्ये खास दुधातूचे लग वापरतात आणि पेटी कोरडी ठेवतात. आमच्या पेटीत पहिले नव्हते आणि दुसरेही राहिले नव्हते.

दम्मामची हवा या बाबतीत कुप्रसिद्ध. समोर आखाताचे पाणी, मागे वाळवंट, मध्ये सबखा नावाच्या मिठाच्या सपाट जमिनी. वाऱ्याबरोबर येणाऱ्या धुळीत मीठ असते. दमटपणाचे तर विचारूच नका. शेजारच्या दहरानला ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू ३५ अंश सेल्सिअस नोंदला गेला, तो जगातला उच्चांक मानतात. मी म्हणालो, "खारी हवा. दुसरे काय!"

इलेक्ट्रिशियनने मान हलवली. त्याने पेटीच्या झाकणावरून बोट फिरवले. बोट ओले झाले. ऑगस्टमध्ये पाऊस नव्हता. त्याने वर पाहिले. आम्हीही पाहिले.

वरून एक हिरवी नळी लोंबत होती आणि तिच्या टोकातून थेंब थेंब पाणी बरोबर पेटीवर पडत होते. नळीच्या जोडावर निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती पट्टी मी ओळखली. आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, आमच्या एसीचे पाणी खालच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते अशी तक्रार आली होती. म्हणून एका शुक्रवारी मी स्वतः नळी लांबवून ती डक्टमध्ये सोडली होती. शेजारधर्म म्हणून. कामावर इतका खूश झालो होतो की फोटोही काढला होता.

दमट दिवसांत एसी हवेतले पाणी बादल्यांनी बाहेर टाकतो. ते पाणी जवळजवळ शुद्ध असते, एकटे असते तर फारसे बिघडले नसते. पण पेटीवर वर्षानुवर्षांची खारट धूळ होती. माझे शुद्ध पाणी ती विरघळवून केबलच्या भोकातून आत नेत होते आणि तळाच्या सांध्यापाशी साचवत होते. ज्या माणसाला मी निदान येत नाही म्हणून हिणवले, त्याचे निदान पहिल्याच दिवशी बरोबर होते. आणि ज्याचा शोध घेत होतो, तो गुन्हेगार आलेख काढत बसला होता.

दूरच्या काही गोष्टी

अशा कहाण्या जगभर सापडतात. वेल्समधल्या अबेरहोसान गावाचे इंटरनेट दीड वर्ष रोज सकाळी सातला कोलमडत असे. केबली बदलून झाल्या. अखेर २०२० साली अभियंत्यांनी यंत्र हातात घेऊन पहाटे गाव पालथे घातले, तेव्हा कळले की एका घरातला जुना टीव्ही सकाळी सुरू झाला की विजेचा गोंगाट पसरवतो. त्या घरमालकाला याचा पत्ताही नव्हता. पुन्हा तो लावणार नाही, असे त्याने लगेच कबूल केले.

आणि २०१८ च्या सुरुवातीला युरोपातल्या अनेक देशांत ओव्हनवरची आणि उशाशी ठेवायची विजेवरची घड्याळे सहा मिनिटांपर्यंत मागे पडली. लोक घड्याळांना दोष देत होते. कारण शेकडो मैल दूर होते. कोसोवो आणि सर्बिया यांच्यातल्या वादात विजेचा हिशेब जुळेना आणि जोडलेल्या सगळ्या जाळ्याची सरासरी वारंवारता ५० ऐवजी ४९.९९६ हर्ट्झ झाली होती. इतका बारीक फरक, पण जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत साठत गेला.

घरी करण्यासारखे

सुट्टीवर भारतात जाल तेव्हाही हे उपयोगी पडेल, म्हणून थोडक्यात सांगतो. मोठे उपकरण लावल्यावर दिवा किंचित मंदावणे नेहमीचे आहे. पण एक खोली मंद आणि त्याच क्षणी दुसरी प्रखर, हे दिसले की वाट पाहू नका. मेन स्विच बंद करा आणि जाणकाराला बोलवा. डीबी किंवा जोडपेटी स्वतः उघडू नका. व्होल्टेज प्रमाणाबाहेर गेले की घराची वीज तोडणारा रिले मिळतो, तो बसवून घ्या. एसीचे पाणी शेवटी कुठे पडते, ते एकदा जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आणि एकाच वेळी दोन ठिकाणी काय होते, याची वही ठेवा. यंत्र नसले तरी चालेल, दोन रंगांची पेन्सिल पुरते.

नवे लग, नवी बंद पेटी आणि सुकी जागा, असे काम दोन दिवसांत झाले. इलेक्ट्रिशियनने हिशेब लिहून दिला. त्यात मागच्या, मी न दिलेल्या खेपेचे पैसे नव्हते. मी ते घातले आणि माफी मागितली. हिंदीत मागितली, मग ती अपुरी वाटली म्हणून पुन्हा मागितली. त्याने पैसे मोजले, खिशात ठेवले आणि म्हणाला, "साब, आप पढ़े-लिखे हो, इसलिए मैंने ज़्यादा नहीं बोला." हे वाक्य मला अजून टोचते. माझ्या शिक्षणाने त्याचे तोंड बंद केले होते, आणि त्यापायी आणखी महिनाभर ती शेगडी पेटत राहिली.

त्या वर्षीचा कालनिर्णय आम्ही अजून टाकलेला नाही. एसीचे पाणी आता बादलीत पडते. सौ. ते गॅलरीतल्या कढीपत्त्याला घालते. आणि टोस्टर लावला की मी अजूनही एकदा हॉलमध्ये डोकावून येतो.